टर्की पायवालं ते डच चित्र आणि त्यातली मिऱ्याची पुडी

आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पीटर क्लास या डच चित्रकाराचं 1627 चं एक चित्र आहे, टर्की पायवालं (पाय म्हणजे आपला पाय नव्हे हो, भाजलेल्या कणकेच्या आवरणात मांस भरलेला पदार्थ, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून वर त्या पक्ष्याचं डोकं, पंख सगळं खोचून ठेवलंय). बघणाऱ्याचं लक्ष आधी त्या पक्ष्याकडेच जातं, पण माझी नजर प्रत्येक वेळी मिऱ्याच्या पुडीवर अडकते. जुन्या पंचांगाचं छापील पान फाडून, गुंडाळून केलेली पुडी, सेम आपल्या किराणावाल्यासारखी!

आता हे सगळं त्या टेबलावर आलं कुठून? टर्की मुळात अमेरिकेतला पक्षी, लिंबू भूमध्य समुद्राकडचं, शिंपल्याचा तो मिरवायचा पेला ज्या नॉटिलस नावाच्या कवचवाल्या सागरी प्राण्यापासून केलाय तो पार पूर्वेच्या समुद्रातला, आणि निळी-पांढरी बशी चीनची. या चिनी भांड्यांचं प्रकरण तर भारीच आहे, कारण हॉलंडात त्यांची क्रेझ वाढली ती लुटीमुळे. 1602 मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेलं साओ तियागो हे पोर्तुगीज जहाज डचांनी सेंट हेलेना बेटाजवळ पकडलं, पुढच्याच वर्षी सिंगापूरजवळ सांता कातारिना, आणि मग आतल्या मालाचे लिलाव झाले. असल्या पोर्तुगीज जहाजांना कॅरॅक म्हणायचे, त्यावरूनच या भांड्यांना 'क्राक' नाव पडलं असं सहसा सांगतात. डच ईस्ट इंडिया कंपनीही 1602 चीच.

दुसरीकडे चित्रकारांची गोची झालेली. 1566 ला प्रॉटेस्टंटांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली, नंतर त्यांच्यातल्या कॅल्व्हिनपंथी चर्चमध्ये चित्रांना जागाच उरली नाही, म्हणजे मोठं गिऱ्हाईक गेलं. 1585 मध्ये अँटवर्प (आजच्या बेल्जियममधलं शहर) स्पेनच्या हातात पडल्यावर तिथले व्यापारी, विणकर, चित्रकार असे बरेच जण उत्तरेला हॉलंडात आले, तिथल्या हार्लेम शहरात तर खूपच. क्लासही मूळचा अँटवर्पजवळच्या बेर्खेमचा, पण तो बराच नंतर, 1620 च्या आसपास हार्लेमला आला. तिथे चित्रं घ्यायचे ते व्यापारी, दारू गाळणारे असले लोक, आणि त्यांना घरात लावायला टेबलावरचं खाणं चालायचं. तेव्हा या चित्रांना 'न्याहारी' नाहीतर 'मेजवानी' असंच म्हणायचे, 'स्टिललेव्हन' (इंग्रजीत स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंचं चित्र) हा शब्द साधारण 1650 नंतर रुळला.

पुढे क्लास आणि त्याच गावचा चित्रकार विलेम हेडा यांनी रंग उतरवत उतरवत करडा, तपकिरी, फिकट हिरवा एवढ्यावरच आणले. मला तर हीच चित्रं जास्त आवडतात, अर्धं सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून लोंबतेय, आणि हिरव्या जाड काचेच्या पेल्यात समोरची खिडकी चमकतेय. त्या पेल्याच्या दांड्यावर काचेचे गोळे चिकटवलेले असतात, तेलकट बोटांतून निसटू नये म्हणून. लोक लगेच यात मृत्यू, नश्वरता वगैरे शोधतात, असेलही थोडं, पण मला वाटतं विकत घेणाऱ्याला जास्त कौतुक मालाचंच असणार.

आणि मिरी? असल्या मसाल्यांच्या व्यापारासाठीच तर डच आपल्याकडे आले. हे चित्र झाल्यावर दहा वर्षांनी, 1637 ला, डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली, गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायलाही ती सोयीची होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.