धक्का भूकंपाचा की अणुस्फोटाचा?

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात भूकंपाचे नवल कोणालाच राहिलेले नाही. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगरचा परिसर हादरला, पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि तेव्हापासून फडताळातली भांडी वाजू लागली की माणसे आधी अंगणात येतात आणि मग धक्का केवढा होता याची चौकशी करतात. त्या भूकंपाची तीव्रता 6.3 नोंदवली गेली. 3 सप्टेंबर 2017 रोजी उत्तर कोरियातील पुंग्ये-री येथे जमीन हादरली, तेव्हाही यंत्रांनी 6.3 हाच आकडा दाखवला. मात्र तो अणुचाचणीचा स्फोट होता. आकडा एकच असताना हा भेद ओळखता येतो, ही गेल्या शतकातील विज्ञानाची मोठी कमाई आहे. ती दहा वर्षे आधी हाती आली असती, तर अणुचाचण्यांचा इतिहास कदाचित वेगळा घडला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

16 जुलै 1945 रोजी अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणी स्फोट केला आणि महिन्याभरात हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाली. 1949 मध्ये सोव्हिएत संघाने, 1952 मध्ये ब्रिटनने, 1960 मध्ये फ्रान्सने आणि 1964 मध्ये चीनने आपापली पहिली चाचणी केली. सुरुवातीच्या बहुतेक चाचण्या उघड्या आकाशाखाली होत. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने केलेला स्फोट अपेक्षेच्या अडीचपट, म्हणजे 15 मेगाटनांचा (दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतका) निघाला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली आणि तिच्यावरील 23 खलाशी आजारी पडले. त्यांपैकी एक जण काही महिन्यांत दगावला. पुढे दूरदूरच्या मुलांच्या दुधाच्या दातांत अणुस्फोटातून निघणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 सापडू लागले. हे मूलद्रव्य कॅल्शियमसारखेच वागत असल्यामुळे गवतातून दुधात आणि दुधातून हाडांत उतरते. यानंतर मात्र जनमत पेटले.

पूर्ण बंदीची बोलणी सुरू झाली, तेव्हा पेच उभा राहिला तो भूगर्भाचा. हवेतला स्फोट लपत नाही. परंतु अमेरिकेनेच 1957 मध्ये नेवाडात 1.7 किलोटनांचा (1,700 टन टीएनटीइतका) स्फोट पूर्णपणे डोंगराच्या पोटात करून दाखवला होता. असा स्फोट दुसऱ्याने चोरून केला आणि तो भूकंप असल्याचे सांगितले, तर ते खोटे कसे ठरवायचे? संशयास्पद धक्क्याच्या जागी जाऊन तपासणी करण्याचा हक्क हवा, असे अमेरिकेचे म्हणणे होते. सोव्हिएत संघ वर्षाला दोन-तीन तपासण्यांच्या पुढे जाईना आणि अमेरिका सातांच्या खाली उतरेना. एवढ्याशा फरकावर बोलणी अडली. 1963 च्या कराराने हवेतील, पाण्याखालील आणि अवकाशातील चाचण्यांवर बंदी घातली, पण जमिनीखालची वाट मोकळीच ठेवली. जगात आजवर झालेल्या दोन हजारांहून अधिक चाचण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमिनीखालीच झाल्या आहेत.

या संशयातूनच भूकंपशास्त्राकडे पैसा वळला. साठच्या दशकात अमेरिकेने एकाच धर्तीची भूकंपमापक यंत्रे बसवलेली शंभराहून अधिक केंद्रे जगभर उभारली. त्यांतील एक पुण्यात होते. बॉम्ब शोधण्यासाठी जमवलेल्या या नोंदींनी भूकवचाच्या हालचालींचे ज्ञान कितीतरी पुढे नेले.

भेद ओळखण्याची रीत मुळात सोपी आहे. अणुस्फोट खडकाला सगळीकडे सारखाच बाहेर ढकलतो, त्यामुळे कोणत्याही दिशेच्या केंद्रावर जमिनीची पहिली हालचाल वर होते. भूकंपात मात्र प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडकातील भेगेच्या, दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, म्हणून काही केंद्रांवर पहिली हालचाल वर तर काहींवर खाली दिसते. स्फोटाच्या आलेखावर प्राथमिक लहरींचा तीक्ष्ण टोला आधी उमटतो आणि मागून येणाऱ्या दुय्यम व पृष्ठीय (जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या) लहरी त्यामानाने क्षीण असतात, तर भूकंपाच्या आलेखावर हीच मागची वळणे ठळक असतात. शिवाय खोली पाहिली जाते. दहा किलोमीटर खाली बॉम्ब पुरणे कोणालाच शक्य नाही. अडचण येते ती उथळ भूकंपांच्या बाबतीत, आणि कोयनेचे भूकंप बहुतांशी तसेच आहेत. कोयना परिसरातील गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खोदले गेले आणि या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. धरणामुळे भूकंप का होतात हे जाणणे हा तिचा उद्देश आहे. तरीही उथळ भूकंपांची जागा आणि खोली अचूक ठरवण्याचे तेथील काम या व्यापक प्रश्नालाही लागू पडते.

घाईचा निष्कर्ष किती महाग पडतो, हे ऑगस्ट 1997 मध्ये दिसले. रशियाच्या नोव्हाया झेम्ल्या या चाचणीस्थळाच्या दिशेने धक्का आला आणि अमेरिकी अधिकाऱ्यांनी चाचणीचा संशय बोलून दाखवला. काळजीपूर्वक पाहणी झाल्यावर तो धक्का चाचणीस्थळापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कारा समुद्राच्या तळाखाली झाल्याचे निष्पन्न झाले. उलट, 13 मे 1998 रोजी भारताने पोखरणला केलेले दोन लहान स्फोट दूरच्या केंद्रांना जाणवलेच नाहीत.

1996 मध्ये सर्वंकष चाचणीबंदी करार तयार झाला आणि त्यासाठी 337 केंद्रे व प्रयोगशाळांचे जाळे ठरले, ज्यातील बहुतेक आज चालू आहेत. ती केवळ धक्केच नोंदवत नाहीत, तर अणुस्फोटातून हवेत निसटणारा किरणोत्सारी झेनॉन वायूही हुंगतात. 2006 मधील उत्तर कोरियाच्या चाचणीचा झेनॉन कॅनडातील केंद्राला सापडला होता. भारताने या करारावर सही केलेली नाही आणि या जाळ्याचे केंद्रही भारतात नाही. अमेरिका व चीन यांनी सही केली, पण अनुमोदन दिले नाही. रशियाने आधी दिलेले अनुमोदन 2023 मध्ये मागे घेतले. जगातील अण्वस्त्रे 1986 च्या सुमारास 70,000 होती, ती आता 12,000 च्या आसपास आली आहेत, हे खरे. परंतु संशयाच्या जागी जाऊन तपासणी करण्याची तरतूद करार अमलात आल्याखेरीज वापरता येत नाही, तो अजून अमलात आलेला नाही, आणि 1963 मध्ये बोलणी नेमकी याच तपासणीवर मोडली होती.