शेकर दार: बांधलेलं आणि कोरलेलं

शेकर पद्धतीचं कपाटाचं दार म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: चारी बाजूंनी सपाट पट्टी, मध्ये थोडा आत गेलेला सपाट भाग, नक्षी काही नाही. पण हाच चेहरा दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तूंना असू शकतो. एका दारात चार पट्ट्या कुसांनी (पट्टीच्या टोकाला काढलेली, दुसऱ्या पट्टीत बसणारी जीभ) जोडून चौकट केलेली असते आणि चौकटीच्या आतल्या खाचेत पॅनेल बसवलेलं असतं. दुसरं दार म्हणजे एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) एकच अखंड तुकडा, त्याचा मधला भाग राऊटर या कोरण्याच्या यंत्राने खाली उतरवलेला. रंग चढल्यावर चार पावलांवरून फरक कळत नाही. घरच्या वर्कशॉपात पहिल्यांदा दार करणारा इथेच गोंधळतो, कारण एका दाराचा नियम दुसऱ्याला लावला की काम हमखास बिघडतं.

ओळखायचं असेल तर दार उघडून मागची बाजू बघा. बांधलेलं दार बहुधा मागूनही खोलगट असतं, कोरलेलं मागून सपाट. दुसरी खूण आतल्या कोपऱ्यात सापडते. पट्ट्या जोडून झालेला कोपरा काटकोनात तीक्ष्ण असतो. राऊटरचं गोल फिरणारं पातं मात्र स्वतःच्या त्रिज्येइतकी गोलाई मागे सोडतंच. ती पटाशीने कोणी काढली नसेल, तर बोट फिरवूनही कळते.

हा आकार मुळात आला कुठून, हे समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. शेकर हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. ॲन ली ही इंग्लंडमधल्या मँचेस्टरची स्त्री 1774 मध्ये काही अनुयायांसह न्यूयॉर्कला पोचली, आणि पुढे माउंट लेबनन, हॅनकॉक, कँटरबरी अशा ठिकाणी या लोकांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ब्रह्मचर्य, सामायिक मालमत्ता आणि स्वच्छ, नेटकं काम ही त्यांची जगण्याची रीत. भिंतीतच बांधलेली कपाटं आणि खण त्यांच्या इमारतींतून आजही बघायला मिळतात. 1845 च्या त्यांच्या नियमावलीत तर नुसत्या शोभेसाठी मोल्डिंग (कोरलेली पट्टी) किंवा कॉर्निस (वरच्या कडेची पुढे आलेली पट्टी) करू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मधला खोलगट भाग ही त्यांच्या दारांची सजावट नव्हती. जाड चौकटीत पातळ पॅनेल बसवलं की तेवढा भाग आत जातोच. चौकट-पॅनेलची ही युक्तीही त्यांनी शोधलेली नाही, ती युरोपातल्या सुतारांकडे कित्येक शतकं होती. शेकर सुतारांनी तिच्यावरचे दागिने उतरवले, एवढंच.

ही युक्ती लागते कशासाठी, तर लाकूड हलतं म्हणून. हवेतला ओलावा वाढला की फळी आडवी फुगते, कमी झाला की आकसते. रेषांच्या दिशेने मात्र तिच्या लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीही 400 मिमी रुंदीची सपाट चिरलेली सागवानी फळी लाकडातला ओलावा 5 टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत साडेतीन मिमीपेक्षा जास्त हलते. कोकणातला श्रावण आणि विदर्भातला मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हा फरक सांगायला नको. पावसाळ्यात घट्ट बसणारं दार आपल्याकडे घरोघरी असतं. आता तेच 400 मिमीचं दार चौकट-पॅनेलने बांधा. रुंदी बदलते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांची. त्या प्रत्येकी 60 मिमी असतील तर सगळं दार मिळून जेमतेम 1 मिमी हलतं. पॅनेल खाचेच्या आत हवं तेवढं फुगो किंवा आकसो, बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

प्रत्यक्ष मापं घेऊ. दार 400 बाय 600 मिमी, पट्ट्या 60 मिमी रुंद आणि 19 मिमी जाड, खाच 10 मिमी खोल, कूसही 10 मिमी लांब. उभ्या पट्ट्या पूर्ण 600 मिमीच्या. आडव्या पट्टीची लांबी म्हणजे 400 वजा 120 अधिक दोन कुसांचे 20, म्हणजे 300 मिमी. हे 20 विसरले की पट्ट्या आखूड पडतात, आणि कापलेलं लाकूड परत वाढत नाही. आतली मोकळी जागा 280 बाय 480. दोन्ही बाजूंच्या खाचा धरून पॅनेलला 300 बाय 500 इतकी जागा मिळते.

पॅनेल किती मोठं कापायचं, ते मात्र कशाचं आहे त्यावर ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त दारं फसतात. प्लाय किंवा 6 मिमी एमडीएफ जवळजवळ हलत नाही. ते 298 बाय 498 कापा आणि खाचेत चारी बाजूंनी गोंद लावून पक्कं बसवा. अखंड लाकडाचं पॅनेल असेल तर गोंद खाचेत जाताच कामा नये. वर आणि खाली अगदी मध्यावर एकेक थेंब चालतो, म्हणजे पॅनेल मध्यावर राहतं आणि दोन्हीकडे सारखं हलतं. चारी बाजूंनी चिकटवलेलं सागवानी पॅनेल पहिल्या कोरड्या हंगामात मधून तडकतं किंवा चौकटीचे सांधे उघडतं. रुंदीत किती मोकळीक ठेवायची हे महिन्यावर अवलंबून आहे: भर पावसात दार जोडत असाल तर पॅनेल आधीच फुगलेलं आहे, 1 मिमी पुरे, एप्रिल-मेमध्ये जोडत असाल तर 3 मिमी सोडा. आणि अशा पॅनेलला पॉलिश किंवा रंग जोडणीच्या आधीच द्या. नाहीतर उन्हाळ्यात ते आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

यातूनच मजबुतीचा हिशेबही निघतो. प्लायचं पॅनेल गोंदाने बसवलं की ते स्वतःच चौकटीला ताणून धरतं, त्यामुळे 10 मिमीची आखूड कूस पुरते. पॅनेल सुटं असेल तर सगळा भार चार कुसांवर येतो. तिथे 25-30 मिमीची कूस आणि तिच्यासाठी उभ्या पट्टीत पटाशीने वेगळं भोक पाडणं मला आवश्यक वाटतं, उंच कपाटाच्या दाराला तर नक्कीच.

खाच मधोमध यावी म्हणून पट्टी एकदा एका तोंडाने आणि मग उलटी फिरवून दुसऱ्या तोंडाने करवतीवरून न्या, खाच आपोआप मध्यावर येते. 6 मिमी म्हणून आणलेली प्लाय बऱ्याचदा थोडी कमी भरते, म्हणून खाचेची रुंदी हातातल्या प्लायवरून ठरवा, लेबलवरून नव्हे. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं जोडून पाहा आणि क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे यायला हवेत. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) एकच कोपरा सांगतो, कर्ण चारही सांगतात.

कोरलेल्या दाराला यातलं काहीच लागू नाही. ते हलत नाही, म्हणून मोकळीक नको. सांधा नाही, म्हणून कूस नको. 18 मिमी एमडीएफवर टेम्पलेट (राऊटरला वाट दाखवणारा साचा) लावून मधला भाग दोन-तीन फेऱ्यांत 6 मिमी खाली घ्यायचा. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. एमडीएफचे दोन्ही पृष्ठभाग दाट आणि आतला गाभा सच्छिद्र असतो, त्यामुळे कोरलेला तळ आणि कडा प्रायमर पीत राहतात. प्रायमर, पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, हे टाळता येत नाही. एकाच बाजूचा दाट थर काढल्यामुळे उंच दार कमान घेऊ शकतं, म्हणून रंगाचे थर मागेही तितकेच द्या. शिवाय धूळ अतिशय बारीक असते. गॅलरीत काम करत असाल तरी चांगला मास्क हवाच.

वजनातही फरक पडतो. वरच्या मापाचं कोरलेलं दार साधारण अडीच किलोच्या पुढे जातं, सागवानी चौकट आणि प्लायचं दोन किलोच्या आत राहतं. एमडीएफमध्ये स्क्रू दोन-तीनदा काढून लावला की पकड सैल होते, आणि कडेतून पाणी शिरलं की ती फुगते ती कायमची. सिंकखालच्या दारासाठी मी एमडीएफ सुचवणार नाही.

तरी एका बाबतीत कोरलेलं दार सरस आहे आणि ते मान्य करायला हवं. पांढऱ्या रंगाच्या बांधलेल्या दारावर काही वर्षांनी उभी आणि आडवी पट्टी मिळते तिथे केसासारखी भेग दिसते, कारण दोघींच्या रेषा काटकोनात आहेत आणि दोघी वेगळ्या दिशेने हलतात. अखंड तुकड्यावर ती कधीच येत नाही. गुळगुळीत पांढरा रंगच हवा असेल आणि पाणी जवळ नसेल, तर कोरलेलं दार करावं. लाकडाच्या रेषा दिसायला हव्या असतील तर मात्र बांधण्याला पर्याय नाही.

बांधायचं ठरवलंत तर पट्ट्यांची रुंदी कापण्याआधी बिजागरी हातात घ्या. कपवाल्या बिजागरीला 35 मिमी व्यासाचं भोक लागतं आणि ते कडेपासून 3 ते 5 मिमी सोडून घेतात, म्हणजे भोकाची आतली बाजू 40 मिमीपर्यंत पोचते. 60 मिमीच्या पट्टीत 10 मिमीची खाच 50 मिमीवर सुरू होते, मध्ये भरीव लाकूड उरतं. नाजूक दिसावी म्हणून पट्टी 45 मिमीची केलीत, तर भोक थेट खाचेत घुसेल.