सेटिरिझिन घेताना एवढे लक्षात ठेवा
(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी)

शिंका, नाक गळणे, अंगावर पित्त उठणे यासाठी सेटिरिझिन गुणकारी आहे. मोठ्या माणसाला दिवसातून १० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. लवकर आराम पडावा म्हणून दुसरी घेऊ नका.

नेहमी आढळणारा त्रास म्हणजे झोप. क्लोरफेनिरामाइन या अॅलर्जीवरच्या जुन्या औषधापेक्षा सेटिरिझिनने पेंग कमी येते, पण येते. कुणाला काहीच जाणवत नाही, कुणाचे डोके सकाळीही जड असते. म्हणून पहिली गोळी रात्री घ्या आणि आपल्याला ती कशी लागते हे कळेपर्यंत गाडी किंवा यंत्र चालवू नका. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते.

आम्हाला खरी काळजी वाटते ती सर्दीच्या तयार गोळ्यांची. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन आधीच असते. वर वेगळी सेटिरिझिन घेतली की नकळत दुप्पट औषध पोटात जाते. घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स दुकानात घेऊन या, आम्ही नावे वाचून सांगू. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन (चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध) एकत्र असलेले सर्दीचे औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचे नाही. तसा इशारा त्यावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

तोंडाला कोरड, थकवा, डोकेदुखी, मुलांमध्ये पोटदुखी हे त्रास बहुधा सौम्य असतात. सेटिरिझिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. तसे झाले तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

काही महिने रोज घेतलेली गोळी बंद केल्यावर काही दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटू शकते. असे क्वचितच होते, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्याबद्दल सावध केले आहे. तसे झाले तर अॅलर्जी उलटली असे समजून स्वतःच गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना सांगा. अॅलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल तर गोळी किती दिवस आधी थांबवायची हेही त्यांनाच विचारा.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि १०८ला फोन करा.