दुधाच्या दुकानाला एवढा थाट कशाला?

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेलेले लोक आधी राजवाडा, चर्च वगैरे बघतात आणि मग एल्ब नदी ओलांडून नॉयश्टाट भागात येतात ते चक्क एक डेअरी बघायला. फुंड डेअरी, बाउत्सनर रस्ता, नंबर ७९. समोरून ११ नंबरची ट्राम जाते, बाहेरून बिल्डिंगकडे दुसऱ्यांदा बघावं असं काही नाही, पण आत पाऊल टाकलं की भिंती, छत, जमीन, काउंटर, जिथे नजर जाईल तिथे हाताने रंगवलेल्या टाइल्स, सगळ्या मिळून जवळजवळ २४८ चौरस मीटर! गुबगुबीत बाळं, गाई, फुलपाखरं, वेलबुट्टी... आणि हे सगळं दूध, लोणी, चीज विकायला. गिनीज बुकाने १९९८ मध्ये जगातलं सगळ्यात सुंदर दुधाचं दुकान म्हणून नोंदच केली त्याची.

आता हा सगळा थाट निव्वळ हौस म्हणून केला असेल असं वाटतं, पण माझ्या मते त्याच्या मुळाशी आहे दुधाबद्दलचा संशय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहरं भराभर वाढत होती, फ्रिज नव्हते, दूध खेड्यातून गाडीवर यायचं, उन्हाळ्यात वाटेतच नासायचं, त्यात पाणी किती आणि घाण किती हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. त्यात १८८२ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, म्हणजे दुधाबद्दल साध्या डोळ्यांना न दिसणारी भीतीही आली.

ही डेअरी काढणारा पॉल फुंड हा मूळचा शेतकरी. १८७९ मध्ये तो बायकोला आणि सहा गाईंना घेऊन शहरात आला (सहा डुकरंही होती म्हणे). त्याने धंद्याची युक्ती काय केली तर पहिल्या दुकानाला काच लावली आणि पलीकडे गाईची धार काढताना गिऱ्हाइकाला दिसेल अशी सोय केली. दूध कसं आहे हे तोंडाने सांगत बसायचं नाही, दाखवूनच टाकायचं.

टाइल्स म्हणजे त्याच युक्तीचा पुढचा अवतार, असं मला तरी वाटतं. चकचकीत टाइलवर डाग लगेच दिसतो आणि ओल्या फडक्याने निघतोही, म्हणजे भिंतच सांगते इथे स्वच्छता आहे. त्यात विलेरॉय अँड बॉख या नावाजलेल्या कंपनीचा कारखाना १८५६ पासून ड्रेस्डेनमध्येच होता, त्यामुळे काम गावातल्या गावातच झालं. हे टाइल्सचं दुकान १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला उघडलं. त्याआधीच, १८८६ मध्ये, फुंडकडे कंडेन्स्ड मिल्क बनायला लागलं होतं, जर्मनीत पहिल्यांदाच, आणि पुढे दुधाचा साबणसुद्धा निघाला.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात नदीपलीकडचं जुनं शहर बेचिराख झालं, हे दुकान मात्र वाचलं. मग पूर्व जर्मनीच्या सरकारने १९७२ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि काही वर्षांत दुकानाला कुलूप लागलं. बॉम्बमधून वाचलेलं दुकान कारभारात गेलं, काय बोलणार! जर्मनी एक झाल्यावर डागडुजी करून १९९५ मध्ये ते पुन्हा उघडलं.

आत फोटो काढायला मनाई आहे हे आधीच माहीत असू द्या, आणि पर्यटकांच्या बसेस यायच्या आत सकाळीच गाठा. काउंटरवर ताक मिळतं, ते तिथेच उभ्या उभ्या प्यायचं आणि तेवढ्यात मान वर करून छत बघून घ्यायचं.