किट कारचा एक्झॉस्ट जमिनीला का घासतो?

किट कारखाली, म्हणजे सुट्या भागांतून हाताने जुळवलेल्या स्पोर्ट्स कारखाली वाकून पाहिलं, तर पहिले ओरखडे बहुतेक वेळा एक्झॉस्टवर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर सापडतात. लोटस सेव्हन ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५७ साली आली. ती सुट्या भागांच्या संचातूनही विकली जाई, आणि आजच्या कितीतरी किट कार तिच्याच आराखड्यावर बेतलेल्या आहेत. वजन कमी, उंची कमी आणि इंजिन शक्य तितकं खाली, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी चिकटून राहते. अडचण पुढे येते. नेहमीच्या कारच्या तळाच्या पत्र्यात एक्झॉस्टसाठी खोलगट जागा आधीच दाबून काढलेली असते. इथे नळ्यांच्या सांगाड्याला सपाट तळ असतो. मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या भागातून निघालेला पाइप मागे न्यायचा, तर चॅसीखालून, म्हणजे या सांगाड्याखालून नेण्यावाचून गत्यंतर नसतं.

जमीन आणि गाडीचा तळ यांच्यातली मोकळीक टेपने मोजून ‘१०० मिलिमीटर भरलं, पुरे झालं’ असं म्हणणारे बरेच असतात. पण ते अंतर गाडीच्या कोणत्या भागाखाली मोजलं, याला जास्त महत्त्व आहे. चढाचा माथा ओलांडताना पुढची चाकं एका उतारावर असतात आणि मागची दुसऱ्या. माथा बरोबर दोन्ही आसांच्या मध्यावर आला की पोट टेकण्याची शक्यता सर्वांत जास्त. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही आसांमधलं अंतर, २२५० मिलिमीटर आणि मध्यावर मोकळीक १०० असेल, तर दोन उतारांमधला सुमारे १० अंशांचा फरक निभावतो. मोकळीक ८० झाली की फक्त ८ अंश. आता गंमत अशी, की तोच १० अंशांचा माथा ओलांडायला मागच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे जेमतेम ७० मिलिमीटर मोकळीक लागते. म्हणजे जाडजूड सायलेन्सर गाडीच्या मध्यावरून उचलून मागच्या चाकांजवळ बसवला, तर गाडी तसूभरही न उचलता तीस मिलिमीटर पदरात पडतात. आखूड, उंच स्पीडब्रेकरपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. तो सगळाच्या सगळा चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळे त्याच्या उंचीपेक्षा खाली लोंबणारी प्रत्येक गोष्ट त्याला भिडणारच.

रिकामी गाडी मोजणंही फसवं. ६०० किलोच्या गाडीत दोघं जण बसले की १५० किलो, म्हणजे चौथाई वजन वाढतं. प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला, तर गाडी जागच्या जागी सुमारे १८ मिलिमीटर बसते. खड्ड्यात सस्पेन्शन दबतं ते वेगळंच. म्हणून माप घ्यायचं ते दोघांना आत बसवून.

घासतं नेमकं काय, हे कळल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नये. थंड एक्झॉस्टच्या खालच्या बाजूला उष्णता सोसणारा रंग मारावा, नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारावी आणि परत खाली पाहावं. पुढून मागे गेलेले चकचकीत ओरखडे जमिनीचे. पाइपच्या वरच्या अंगाला गुळगुळीत झालेला डाग चॅसीवर आपटल्याचा. बऱ्याचदा पाइप सुखरूप असतो आणि घासतो तो पाइप आवळून धरणारा क्लॅम्प. इंग्रजी यू अक्षरासारख्या क्लॅम्पचे बोल्ट खाली तोंड करून बसवले, तर नटासकट दोन-अडीच सेंटिमीटर लोंबतात. क्लॅम्प फिरवून बोल्ट आडवे केले की तेवढी जागा फुकटात सुटते. दोन पाइप जोडणाऱ्या, दोन बोल्टच्या फ्लँजचंही (टोकाच्या चकतीचंही) तसंच: कान आडवे हवेत, उभे नव्हेत.

एवढ्यावर भागलं नाही तर आकाराकडे वळायचं. वायूला वाट किती मोकळी, हे छेदाच्या क्षेत्रफळावरून ठरतं. जमिनीला काय लागणार, ते उंचीवरून. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या गोल सायलेन्सरऐवजी २२५ रुंद आणि १०० उंच असा लंबगोल घेतला, तर क्षेत्रफळ तंतोतंत तेवढंच राहतं आणि ५० मिलिमीटर वाचतात. ६३ मिलिमीटरच्या एका पाइपची जागा ४५ मिलिमीटरचे दोन पाइप शेजारी-शेजारी घालून भरून निघते. उंची १८ मिलिमीटरने घटते. बदल्यात वायूला घासायला आतली भिंत सुमारे ४० टक्के जास्त मिळते, त्यामुळे थोडा अडथळा वाढतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा सौदा मला परवडणारा वाटतो. मात्र आहे तोच गोल पाइप प्रेसखाली चपटा करू नये. ठरावीक परिघात सर्वाधिक क्षेत्रफळ वर्तुळाचंच असतं, त्यामुळे दाबलेला पाइप आक्रसतोच. चपटा भाग हवा असेल तर सुरुवातच मोठ्या व्यासाने करावी. सेव्हनच्या धाटणीच्या अनेक गाड्यांत पाइप सरळ बाजूने बाहेर काढून अंगालगत नेतात. जमिनीचा प्रश्न मिटतो, पण उतरताना पाय भाजू नये म्हणून त्यावर जाळी हवीच.

उष्णतेकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं, आणि नेमका तिथेच घोळ होतो. स्टेनलेस स्टीलचा दोन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे १० मिलिमीटर लांब होतो. साधं पोलाद जेमतेम ७ मिलिमीटर वाढतं, म्हणून जुन्या पाइपच्या जागी स्टेनलेसचा घालताना ही तफावत ध्यानात ठेवावी. दोन्ही टोकं चॅसीला घट्ट जखडली असतील, तर वाढलेली लांबी जाणार कुठे? पाइप वाकतो. १० मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण भूमिती क्रूर आहे: टोकं जराही हलली नाहीत, तर कागदावर मधला भाग ८ ते ९ सेंटिमीटर झुकू शकतो. प्रत्यक्षात त्याआधी ब्रॅकेट वाकतात किंवा वेल्डिंगला चीर जाते. थंड असताना बिनघोर वाटणारी गाडी अर्ध्या तासाने खरडायला लागते, त्यामागे हेही कारण असू शकतं. उपाय सोपा आहे. एका टोकाला, इंजिनच्या बाजूला पक्कं धरायचं, बाकी सगळीकडे पाइप टांगून धरणारे रबरी हँगर आणि मध्ये एक लवचीक सांधा. रबरावर बसलेलं इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच एका अंगाला कलतं, तो हिसकाही हाच सांधा पचवतो.

पाइप वर घेतला की तो फायबरग्लासच्या तळाच्या, पेट्रोलच्या नळीच्या आणि ब्रेकच्या पाइपच्या जवळ जातो. डॉट ४ ब्रेक ऑइलने ओलावा शोषला असेल, तर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत उतरलेला असू शकतो; त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ब्रेकचं पेडल पोकळ जातं. म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा हवा, दोन्ही बाजूंना हवेची फट सोडून. चकाकी किरणांनी येणारी उष्णता परतवते आणि फटीतली वाहती हवा उरलेली घेऊन जाते.

इंजिनखालचं ऑइल चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं, तेही विसरून चालत नाही. एक्झॉस्ट वर गेला की सर्वांत खाली कदाचित तेच उरतं, आणि ते फुटलं तर तेल सांडून इंजिन जाम होतं. माझं मत विचाराल, तर सर्वांत खालची गोष्ट चॅसीला जोडलेली जाड पोलादी पट्टी असावी, चेंबरच्या किंचित पुढे आणि किंचित खाली.

गाडीच उचलायचा मोह सुरुवातीलाच होतो, पण तो शेवटचा उपाय. उंचीबरोबर गुरुत्वमध्य चढतो आणि वळणावर बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो. सस्पेन्शनच्या दांड्यांचे कोन बदलून चाकांचा कलही बिघडतो. वरचं सगळं करूनही दहा-पंधरा मिलिमीटर कमी पडले, तरच स्प्रिंगखालची आट्यांची बैठक फिरवून गाडी तेवढीच वर घ्यावी, आणि लगेच अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, करून घ्यावी.