तळाशी राहणारे कोरी मासे आणि खानदेशचा उन्हाळा

तापी-गिरणेच्या काठी राहणाऱ्यांना मिशांचा मासा म्हटले की शिंगाळा आठवतो, आणि शिंगाळा हा लहान मासे गिळणारा शिकारी असल्यामुळे असा मासा घरच्या टाकीत इतरांबरोबर नांदेल हे सहजी पटत नाही. दक्षिण अमेरिकेतील नद्यांमध्ये आढळणारे कोरीडोरास मासे मिशांच्या माशांच्याच गणातले असले, तरी स्वभावाने अत्यंत शांत असतात. बहुतेक जाती ५ ते ७ सेंटीमीटरपलीकडे वाढत नाहीत, कोणाचे पर कुरतडत नाहीत आणि सदैव घोळक्याने तळाशी वावरतात. त्यांच्या अंगावर दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात. २०२४ मध्ये या प्रजातीची फेरमांडणी होऊन अनेक जातींची शास्त्रीय नावे बदलली, परंतु दुकानात त्या सर्वांना आजही ‘कोरी’च म्हणतात.

टाकीतली घाण खाऊन ती साफ ठेवणारा मासा म्हणून कोरी विकला जातो, हा समज मुळातून काढून टाकायला हवा. कोरी विष्ठा खात नाही आणि काचेवरचे शेवाळही खरवडत नाही. तो तोंडात वाळू घेतो, तीतले किडे व अन्नकण वेगळे करतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे त्याला तळापर्यंत बुडणाऱ्या गोळ्या स्वतंत्रपणे द्याव्या लागतात, आणि त्या शक्यतो दिवा मालवल्यावर द्याव्यात, म्हणजे वरचे मासे त्या पळवत नाहीत. सफाईसाठी म्हणून लहान असताना घेतलेला ‘सकर’ फूटभराहून मोठा होतो, तर ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगासियस नदीत मीटरभराची लांबी गाठतो. दोन फुटी टाकीत या दोघांनाही जागा नाही, आणि मोठे झाले म्हणून त्यांना नदीत किंवा तलावात सोडणे तर स्थानिक माशांच्या जिवावर उठणारे आहे.

तळाला बारीक, गोलसर कणांची वाळू हवी. काळ्या दगडाची धारदार खडी कोरीच्या मिशांना घातक ठरते. मात्र मिशा झडण्यामागे बहुधा तळाशी साचून कुजणारे अन्न आणि त्यावर वाढणारे जीवाणूही असतात, म्हणून केवळ वाळू बदलून भागत नाही, तळ नियमितपणे उपसावाच लागतो. नदीची वाळू वापरायची असल्यास ती धुऊन तिच्यावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. तापीच्या गाळात चुनखडीचे खडे भरपूर सापडतात. फेस आला तर त्या वाळूत चुना आहे आणि ती पाण्याचा जडपणा वाढवीत राहील, असे समजावे.

पाण्याचा प्रश्न खानदेशात अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण येथील अनेक बोअरचे पाणी जड असते आणि त्याचा सामू, म्हणजेच पीएच, बऱ्याचदा ७ च्या वर असतो. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना त्यातला सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांवर जाते, आणि तापमान ३० अंश झाल्यावर ७ टक्क्यांच्याही पुढे. म्हणजे जेवढी घाण एखाद्या थंड प्रदेशातल्या टाकीत खपून जाईल, तेवढीच आपल्याकडे मे महिन्यात मासे मारू शकते. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर कोरी आणण्याची घाई करू नये.

उष्णतेचा दुसरा मारा प्राणवायूवर होतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आतच. कोरीकडे यावर एक विलक्षण उपाय आहे: तो पृष्ठभागावर झेप घेऊन हवा गिळतो, आणि आतड्याच्या मागच्या भागातील पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर त्या हवेतला प्राणवायू शोषून घेते. अधूनमधून अशी झेप दिसणे स्वाभाविक आहे, पण सगळा घोळका सतत वर धावू लागला तर पाण्यात प्राणवायू कमी पडतो आहे हे ओळखावे. वीज गेल्यावर कोरी या सोयीमुळे काही काळ तग धरतो. गाळणीतले जीवाणू आणि टाकीतले इतर मासे तसा धरू शकत नाहीत, म्हणून हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा.

जातीची निवडही याच हिशेबाने करावी. चार्ल्स डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केलेला आणि १८४२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला ठिपकेदार पेपर्ड कोरी थंड पाण्यातला आहे. पांडा कोरीलाही उष्णता सोसत नाही. हे दोन्ही दिसायला कितीही सुंदर असले, तरी जळगाव-भुसावळकडे ते ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेरबाई कोरी २८ अंशांपर्यंत आरामात राहतो, आणि ब्राँझ कोरी जड पाण्याशी चांगले जुळवून घेतो. सोबतीला गप्पी किंवा प्लॅटी ठेवावेत, कारण त्यांना जड पाणीच मानवते. दोन फुटी टाकीत किमान सहा कोरी एकत्र ठेवावेत. एकटा कोरी कोपऱ्यात दबून बसतो.

बाहेर पारा ४५ अंशांवर गेला की टाकीचे पाणीही ३२-३३ अंशांना पोहोचते, आणि एवढी उष्णता स्टेरबाईलाही दीर्घकाळ झेपत नाही. येथे आपल्या हवेचा कोरडेपणाच कामी येतो. टाकीचे झाकण काढून, वर जाळी घालून पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडला, की माठात होते तसे बाष्पीभवन होऊन पाणी निवते. १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेते, तेवढी उर्वरित पाण्यातून काढून घेतल्यास त्याचे तापमान सुमारे ६ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे २ ते ४ अंशांचा फरक पडतो, आणि तोच निर्णायक ठरतो. उडालेल्या पाण्याबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच साठतात. म्हणून रोजची तूट बोअरच्या पाण्याने न भरता आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरावी, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी काढून घ्यावे. टाकी माजघरात, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवणे उत्तम.