आठ वॅट पुरेत!

शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर आता तळहातावर मावतो. तरी काही श्रोते हौसेने ८ वॅटचा, कधी जेमतेम २ वॅटचा ट्यूब ॲम्प्लिफायर, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, घेतात. जड, तापणारा आणि विजेला खादाड. जुन्याचा सोस म्हणून हसण्याआधी थोडा हिशेब करून पाहू.

वॅट दहापट केले की आवाजाची पातळी १० डेसिबलने वाढते, पण कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. त्यात स्पीकर स्पीकरमध्येही फरक. १ वॅट दिला, तर एक मीटरवर नेहमीच्या स्पीकरचे ८६ डेसिबल भरतात, मोठ्या कर्ण्याच्या स्पीकरचे १०४ पर्यंत. म्हणजे कर्ण्याला २ वॅट दिले की १०७ डेसिबल, आणि साध्या स्पीकरला १०० वॅट पाजूनही १०६! या हौशी मंडळींची लाडकी ३००बी ही ट्यूब १९३० च्या दशकातली. तेव्हा एवढ्याशा वॅटवर चित्रपटगृहं चालत, ती कर्ण्यांच्याच जोरावर.

ट्यूबच्या आत तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये जाळी असते. तिच्यावरचा विद्युतदाब किंचित हलला की हा प्रवाह कमी-जास्त होतो. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ही जाळी घातली. ‘सिंगल एंडेड’ मांडणीत एकच ट्यूब ध्वनिलहरीचा वरचा आणि खालचा, दोन्ही भाग सांभाळते. त्यासाठी गाणं थांबलं तरी तिच्यातून प्रवाह वाहतच राहतो. ८ वॅट मिळवायला तीसेक वॅट जाळावे लागतात, त्यातले ६ नुसता तंतू तापवायला.

या मांडणीचा दोष मात्र मोठा गोड आहे. मूळ सुरात ती स्वतःचे सूर मिसळते, आणि त्यांत दुप्पट कंपनसंख्येचा सूर सर्वांत ठळक असतो. मूळ सूर सा असेल, तर हा वरच्या सप्तकातला सा. तो खुपत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. तिप्पट कंपनांचा पंचमही चालून जातो, पण सातपटीचा सूर कोमल निषादाच्याही जरा खाली घसरतो आणि कानाला टोचतो. ट्यूबमध्ये हे वरचे सूर फार क्षीण असतात. शिवाय आवाज लहान केला की भेसळही घटते. दोन भागांत काम वाटून घेणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कच्चा बनवलेला असेल, तर त्याचं उलट होतं: लहर एका भागाकडून दुसऱ्याकडे सोपवताना राहणारी खोट हळू आवाजातच जास्त जाणवते. चांगल्या आधुनिक ॲम्प्लिफायरमध्ये ती नगण्य असते, हेही सांगायला हवं.

‘उबदार’ आवाजाचं आणखी एक कारण आहे, ते चाहत्यांना फारसं रुचत नाही. ट्यूबची स्पीकरवरची पकड सैल असते. स्पीकरचा विद्युतरोध खर्जात आणि वर बदलत जातो, त्यानुसार आवाजाचा समतोलही सरकतो. त्यामुळे तोच ॲम्प्लिफायर एका स्पीकरवर रसाळ वाटतो, तर दुसऱ्यावर गुळमुळीत. माझ्या मते तो आरसा नव्हे, स्पीकरच्या जोडीने वाजणारं वाद्यच आहे. (अंधारात तांबूस उजळणारी काच पाहताना कान किती निःपक्षपाती राहतात, हा प्रश्न वेगळाच.)

म्हणून या नादातले जाणकार आधी स्पीकर निवडतात, ॲम्प्लिफायर नंतर. ८६ डेसिबलच्या स्पीकरला २ वॅट जोडले, तर एकटा गळा छान ऐकू येतो; ढोलावर थाप पडली की लहरींचे शेंडे कापले जातात.